कडी

तिसरा मजला, खोली तीनशे सात.
एर्झुरुममध्ये बाहेर उणे एकोणीस,
रेडिएटरवर वाळत घातलेले आमचे हातमोजे,
आणि टेबलावर ओल्या फडक्यात गुंडाळलेला
मातीचा गोळा.

म्युझेय्येन होजा म्हणाल्या,
आज वह्या बंद.
तोंडालाही सुट्टी.
डोळे मिटा, आणि जे सांगता येत नाही
ते हातांना करू द्या.

आम्ही अठरा जण, समुपदेशनाचं तिसरं वर्ष,
सहानुभूतीची व्याख्या झोपेतून उठवलं तरी सांगणारे.
मी तर त्या पेपरात पहिली आलेली.
माती हातात आली तेव्हा मात्र
ती नुसती गार होती.
लांबोळं केलं, मोडलं.
वाटोळं केलं, मोडलं.
शेजारी सेव्दे नाक ओढत होती,
सर्दी की रडू, विचारायची सोय नव्हती.
मागे कुणीतरी फिस्सकन हसलं
आणि एकटंच पडलं.

मग जोड्या.
माझ्यासमोर तुंजाय,
हजेरीपुरता बोलणारा,
चहात साखरेचे तीन खडे टाकून
न ढवळता पिणारा.
त्याच्या तळहातावर वाकवलेली मातीची सळई,
मधोमध जरा जाड.

काय आहे?
कडी.

आणि माझं डोकं सुटलं चौखूर.
कडी म्हणजे दार, दार म्हणजे बंद,
बंद म्हणजे आतलं काहीतरी, आतलं म्हणजे
माझाच विषय.
मी आवाज मऊ केला, शिकवलाय तसा,
पुढे झुकले, शिकवलंय तितकीच,
आणि म्हणाले,
हे दार उघडावंसं वाटतं का तुला?

तो माझ्याकडे बघत राहिला,
पत्ता विचारणाऱ्याला
बाबा रे, तू गावच चुकलास, हे कसं सांगावं, तसा.
म्हणाला,
बादलीची.

बादली कुठंय, असं विचारणारच होते.
होजांनी मागून येऊन
माझ्या खुर्चीच्या पाठीवर बोट टेकवलं.
एक बोट.
मी गप्प बसले.
त्याआधी मी कधी गप्प बसले नव्हते,
माझी पाळी येईपर्यंत थांबले होते, इतकंच.

रेडिएटर दोनदा खडखडला.
मग तो त्या कडीशीच बोलल्यासारखा बोलला.
मालात्याला, भूकंपानंतर, कंटेनरमध्ये राहायचो.
नळ पार रांगेच्या टोकाला.
बादली एक, माणसं दोन, आई आणि मी.
तिची बोटं कडीवर, माझी तिच्या बोटांवर.
पाणी हिंदकळून बुटात जायचं.
ती म्हणायची, सोड तू, मला झेपतंय.
झेपत नव्हतं.

एवढंच. त्यानं जाड जागेवर अंगठा दाबला
आणि अगदी सहज विचारलं,
तुझं काय झालं?
मी मूठ उघडली.
गोळा तसाच होता,
फक्त कोमट.

रात्री वसतिगृहात मी अहवाल लिहिला.
आईविषयी अपराधभाव, असुरक्षिततेची पुनरावृत्ती,
स्पर्शातून व्यक्त होणारी अमुक, आणि तमुक.
दोन पानं. अक्षर सुंदर.

सोमवारी वही परत आली.
काही खोडलेलं नव्हतं.
समासात तेवढं हिरव्या शाईनं,
तो कडी म्हणाला ना, मेलिके?
मग कडी लिही.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू.
कॅन्टीनमध्ये सगळ्यांना ती ओळ वाचून दाखवली,
तुंजायलाही.
तो चहा न ढवळता प्याला.

आता ओल्तूच्या शाळेत
जिन्याखालची एक खोली माझी आहे.
मंगळवारी एक मुलगी येते, वय नऊ,
माती मळते, थापते, परत गोळा करते.
हे काय, असं मी विचारत नाही,
तीच सांगते जाता जाता,
हे काहीच नाही.

मी तारीख घालते.
खाली लिहिते,
काहीच नाही.
आणि ओलं फडकं घट्ट गुंडाळून ठेवते
पुढच्या मंगळवारपर्यंत.